पापणीतले माइट, खरजेचे माइट: कुणाला घाबरायचं आणि कुणाला नाही

सध्या एक रील फिरतंय, तुम्हालाही कुणीतरी पाठवलं असेल. पापणीचा एक केस उपटून मायक्रोस्कोपखाली ठेवतात, त्याच्या मुळाशी काहीतरी पारदर्शक, लांबुळकं वळवळताना दिसतं, खाली लिहिलेलं असतं की हे तुमच्याही डोळ्यांवर आहेत, आणि शेवटी कसल्यातरी तेलाची नाहीतर फेसवॉशची जाहिरात. पाहिल्यावर दोन दिवस डोळे चोळत बसतो माणूस.

आता व्हिडिओ खोटा नाहीये, तुमच्यावर ते खरंच आहेत, माझ्यावरही आहेत. घोळ पुढे होतो. या निरुपद्रवी पाहुण्यांना संपवायला लोक चेहरा घासून घासून सोलून काढतात, आणि दुसऱ्या एका माइटनं, म्हणजे खरजेच्या, घरातले पाचही जण रात्रभर खाजवत असतात तेव्हा मात्र लाजेपोटी गप्प बसून मेडिकलवाल्याकडून ४० रुपयांची ट्यूब आणून त्यातला एकटाच कुणीतरी लावतो. दोन्हीकडे नेमकं उलटं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

माइट म्हणजे काय प्रकार

बोलताना आपण किडा म्हणतो पण माइट हा कीटक नाही, कीटकाला सहा पाय असतात आणि माइटला आठ, म्हणजे हे कोळी आणि गोचीड यांचे भाऊबंद. हजारो जाती आहेत, बहुतेकांचा आपल्याशी काही संबंध नाही.

चेहऱ्यावर आणि पापण्यांवर राहणाऱ्यांचं नाव डेमोडेक्स. माणसावर याच्या दोन जाती राहतात. एक जरा लांब, साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, ती केसाच्या मुळाशी जी छोटीशी पोकळी असते तिच्यात डोकं खाली करून राहते, एकेका पोकळीत तीन-चार जणसुद्धा. दुसरी तिच्या निम्म्या लांबीची, ती अजून आत, तेलाच्या ग्रंथींमध्ये. पापणीच्या कडेलाही अशा तेलग्रंथींची रांग असते, त्यातलं तेल अश्रूंवर पसरतं म्हणून डोळा लगेच कोरडा पडत नाही. ही माहिती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे काही नवीन संकट नाही. १८४१-४२ च्या सुमारास याकोब हेन्ले आणि गुस्ताव्ह झिमॉन या जर्मन डॉक्टरांनी हे प्राणी पाहिले आणि १८४३ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी डेमोडेक्स हे नाव दिलं. दिवसा आत लपतात, रात्री बाहेर येऊन त्वचेवर फिरतात, वेग तासाला साधारण ८ ते १६ मिलिमीटर, म्हणजे एका गालावरून दुसऱ्या गालावर जायला अख्खी रात्रसुद्धा लागू शकते. अंड्यापासून मरेपर्यंत सगळं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. याला गुदद्वारच नसतं, सगळी घाण पोटात साठते आणि मेल्यावर एकदम चेहऱ्यावर सांडते, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं आणि रीलवाले अजून सांगतात, पण २०२२ मध्ये याच्या जनुकांचा अभ्यास झाला त्यात गुदद्वार असतं असं दिसलं. तेवढी तरी चिंता सोडा.

हे माझ्या तोंडावर आले कुठून?

जवळच्या माणसांकडून. तान्ह्या बाळावर जवळजवळ नसतात, मग आई जवळ घेते, आजी गालाला गाल लावते, आणि वय वाढतं तसे हे वाढत जातात. मोठ्या माणसांच्या त्वचेवर यांचा डीएनए शोधला तर जवळपास सगळ्यांवर सापडतो. त्यामुळे कुणी म्हणालं की मी रोज दोनदा तोंड धुतो माझ्यावर नसतील, तर आहेत, तुमच्यावरही आहेत, धुण्याचा आणि यांच्या असण्याचा फारसा संबंध नाही.

मग त्रास एखाद्यालाच का?

घरात पाल असते तसं समजा. ट्यूबलाइटच्या मागे एखादी असते, आपण तिच्याकडे बघतो, ती आपल्याकडे बघते, कुणाचं काही बिघडत नाही. पण घरात किडेच इतके झाले की भिंतीवर वीस पाली दिसायला लागल्या, कपाटात अंडी, देव्हाऱ्यात लेंड्या, तर तो प्रश्न झाला. आणि तेव्हासुद्धा जगातली शेवटची पाल संपवायची नसते, वीस कशामुळे झाल्या ते बघायचं असतं.

चेहऱ्याचं तसंच. त्वचेच्या एका चौरस सेंटीमीटरमध्ये पाचपेक्षा जास्त डेमोडेक्स सापडले तर डॉक्टर त्याला जास्त म्हणतात. वाढायची कारणं म्हणजे वय, तेलकट त्वचा, प्रतिकारशक्ती कमी होणं, आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण म्हणजे स्टिरॉइडचं क्रीम. गोरं होण्यासाठी, डागांसाठी, मुरमांसाठी मैत्रिणीनं सांगितलं म्हणून किंवा पार्लरमध्ये दिलं म्हणून जे क्रीम लोक महिनोन्महिने तोंडाला लावतात त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा छान दिसतो, मग त्वचेची स्वतःची राखण कमी होते, डेमोडेक्स बेसुमार वाढतात, गाल लाल, बारीक पुळ्या, जळजळ, आणि क्रीम बंद केलं की अजून भडका उडतो म्हणून माणूस परत तेच क्रीम लावतो. या चक्रातून एकट्यानं बाहेर पडायला जाऊ नका, स्किनच्या डॉक्टरांकडेच जा.

रोझेशिया नावाचा एक त्रास आहे, गाल आणि नाक कायम लालसर, त्यावर पुळ्या, ऊन लागलं, तिखट खाल्लं की वाढतो. त्या लोकांच्या चेहऱ्यावर डेमोडेक्स जास्त सापडतात. आधी माइट वाढले म्हणून त्वचा बिघडली की त्वचा बिघडली म्हणून माइट वाढले, यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे, पण माइट मारणारं १ टक्का आयव्हरमेक्टिनचं क्रीम यावर चालतं आणि अमेरिकेत २०१४ पासून त्याला मान्यता आहे.

पापणीवर काय दिसतं

सकाळी उठल्यावर पापण्यांना खाज, डोळ्यात काहीतरी खुपतंय असं वाटणं, कडा लाल, केस गळणं नाहीतर वाकडे वाढणं, वर्षातून तीन-तीनदा रांजणवाडी. असं असेल तर लोक आधी मोबाइलला दोष देतात, मग चष्म्याचा नंबर बदलून घेतात, मग ॲलर्जीचे ड्रॉप्स. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते मशीन असतं ना ज्यावर हनुवटी टेकवायची, त्यावर खूण सापडते, फक्त खाली बघायला सांगायला हवं, कारण सरळ बघताना वरच्या पापणीच्या केसांची मुळं दिसतच नाहीत. मुळाशी केसाभोवती गळपट्ट्यासारखा मेणचट कोंडा बसलेला असेल तर ती डेमोडेक्सची जवळजवळ पक्की खूण. तो कोंडा म्हणजे माइटची अंडी, कचरा आणि मेलेल्या पेशी. साधा कोंडा केसावर कुठेही विखुरलेला असतो, हा मुळाशी गोल असतो. डॉक्टर घाईत असतील तर तुम्हीच म्हणा, खाली बघू का एकदा. वाईट वाटून घेत नाही कुणी.

आणि त्या तेलग्रंथी आठवा. त्यांच्या तोंडाशी माइट आणि मेणचट घाण साचली की तेल नीट बाहेर येत नाही, अश्रू लवकर उडून जातात आणि डोळा कोरडा पडतो. म्हणजे डोळे कोरडे म्हणून वर्षभर ड्रॉप्स घालताय आणि फरक नाही, तर पापणी तपासून घ्यायला हरकत नाही.

घरी काय करायचं

स्वच्छ रुमाल कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं ठेवायचा, थंड झाला की परत बुडवायचा. मग बोटानं पापणीच्या कडेला हलका मसाज, वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, डोळ्यावर दाब न देता. मग पापणी पुसायचे तयार वाइप्स किंवा फेस मेडिकलमध्ये मिळतो त्यानं केसांची मुळं पुसायची. बेबी शॅम्पू पाण्यात मिसळून पुसायची जुनी पद्धत आहे, त्यानं घाण निघते, माइट मरत नाहीत. पण घाण निघणं हेसुद्धा कमी नाही.

हे सगळं चार दिवस करून सोडायचं नाही. अंड्यांवर बहुतेक औषधांचा फार परिणाम होत नाही आणि एक पिढी दोन-तीन आठवड्यांची, त्यामुळे किमान सहा आठवडे तरी रोज करावं लागतं, कंटाळवाणं आहे, मान्य. तोवर जुनं काजळ आणि मस्कारा टाकून द्या, दुसऱ्याचं वापरू नका, उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. नकली पापण्या चिकटवून घेतल्या असतील तर त्यांच्या मुळाशी साफ करताच येत नाही, काढूनच टाका.

टी ट्री ऑइल नैसर्गिक आहे ना, मग लावलं तर काय होतं?

या तेलातला एक घटक, टर्पिनेन-४-ऑल, डेमोडेक्सला मारतो, हे खरं आहे आणि त्यावर अभ्यासही झालेत. पण नैसर्गिक तर मिरचीपण आहे. निव्वळ तेल डोळ्याजवळ लावलं तर प्रचंड झोंबतं आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊ शकते. दवाखान्यात डॉक्टर ते पातळ करून, डोळा सांभाळून लावतात, घरी वापरायला कमी प्रमाणातले तयार वाइप्स असतात. ऑनलाइन मागवलेली बाटली उघडून कापसानं पापणीला लावायची नाही. पापणीला लसूण, लिंबू, कडुनिंबाचा पाला वाटून लावणाऱ्यांनाही हेच.

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत लोटिलानेर नावाच्या औषधाच्या थेंबांना खास या त्रासासाठी मान्यता मिळाली, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. हेच औषध कुत्र्यांच्या गोचिडांसाठी गोळीतून आधीपासून दिलं जातं, माइटच्या नसांचं काम बंद पाडतं. आता कुणीतरी कुत्र्याची गोळी विरघळवून डोळ्यात घालायचा विचार करेल म्हणून सांगतो, नको.

आता खरूज, हे प्रकरण वेगळं

खरजेचा माइट आकारानं डेमोडेक्सएवढाच, ०.३-०.४ मिलिमीटर, पण वागणूक पूर्ण निराळी. याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा पोखरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. जी खाज सुटते ती माइट चावल्यामुळे नसून त्याच्या अंड्यांची, विष्ठेची शरीराला ॲलर्जी होते त्यामुळे. म्हणून पहिल्यांदा खरूज झाली की चार-सहा आठवडे काहीच कळत नाही, आणि तेवढ्या काळात ती घरभर देऊन झालेली असते. परत झाली तर मात्र एक ते चार दिवसांतच खाज, कारण शरीर ओळखतं.

ओळखायची कशी, तर रात्री अंथरुणात वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, जांघेत बारीक पुरळ, आणि घरात अजून कुणीतरी खाजवतंय. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर खरूज समजूनच दवाखान्यात जा. लहान बाळांना तळहात, तळपाय, डोकं इथेही येते.

इथे थोडे राहिले तरी चालतील असं नाही. सगळे संपवावे लागतात.

आम्ही रोज आंघोळ करतो, आमच्या घरी कशी येईल?

या एका वाक्यामुळे खरूज पसरते. लाजेनं लोक सांगत नाहीत, मग शेजारी नाही, शाळेत नाही, सुनेच्या माहेरी तर नाहीच नाही. खरूज घाणीनं होत नाही, कातडीला कातडी लागून होते, तीही बऱ्यापैकी वेळ, म्हणजे एका अंथरुणात झोपणं, बाळाला कडेवर घेणं, हात धरून बसणं. जिथे माणसं दाटीनं झोपतात तिथे जास्त, वसतिगृहं, आश्रमशाळा, तुरुंग, आणि आपली वन रूम किचनची घरं.

यावरचा एक प्रयोग भन्नाट आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना ब्रिटिश सैनिकांमध्ये खरूज फार झाली होती आणि सरकार ढीगभर ब्लँकेटं वाफेवर निर्जंतुक करण्यात पैसा घालवत होतं. केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं १९४१ मध्ये शेफील्डला काही तरुण जमवले, हे लढायला तत्त्वानं नकार दिलेले लोक होते पण देशासाठी दुसरं काहीतरी करायला तयार. त्यानं त्यांना खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या ब्लँकेटांत झोपवलं, त्यांच्या अंगावरच्या चड्ड्या बनियनी घालायला लावल्या, कित्येक आठवडे. फार थोड्यांनाच खरूज झाली. रोग्यांसोबत एका अंथरुणात झोपवलं तेव्हा मात्र झाली. शिवाय त्यानं रोग्यांच्या अंगावरच्या माइटच्या मोठ्या माद्या एकेक करून मोजल्या आणि सरासरी आली ११ च्या आसपास. अख्ख्या अंगावर अकरा माद्या आणि माणसाला वेड लागायची पाळी! म्हणजे हजारो किडे अंगावर आहेत असं वाटतं ते तसं नसतं. अपवाद एकच, ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे त्यांना खपल्यांची खरूज होते, तिच्यात हजारो ते लाखो असतात आणि ती कपड्यांतूनही पसरते.

त्यामुळे पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू नका. अंगाबाहेर हे माइट दोन-तीन दिवसांत मरतात. मागच्या तीन-चार दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा, झालं.

औषध लावायची रीत, इथेच सगळे फसतात

नेहमीचं औषध ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम. रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, ८ ते १४ तास अंगावर राहायला हवं. जिथे खाज तिथे नाही, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे, बेचक्यात, नखांच्या खाली, बेंबीत, गुप्तांगांवर, कुल्ल्यांच्या खाचेत. पाठीला दुसऱ्यानं लावून द्यायचं. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं. कडकडीत गरम पाण्यानं आंघोळ करून लगेच लावू नका, अंग गार आणि कोरडं असू द्या. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची ट्यूब एका वेळेला लागते, एका ट्यूबमध्ये चौघांनी भागवलं तर कुणाचंच भागत नाही.

आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. खाज नसलेल्यांनीसुद्धा, आजोबांनीसुद्धा, जे म्हणतात मला काही होत नाही. आज याला, पुढच्या आठवड्यात तिला, असं केलं तर ती घरातल्या घरात फिरत राहते. आठवड्यानं सगळ्यांनी परत एकदा, कारण राहिलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आलेली असतात. तान्ही बाळं आणि गरोदर बायका यांना काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, गंधकाचं मलम हा त्यांच्यासाठी जुना पर्याय आहे.

गोळीही आहे, आयव्हरमेक्टिनची, वजनाप्रमाणे दोन डोस, आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतरानं. १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बायकांना सहसा देत नाहीत. हे औषध जपानच्या मातीतल्या जंतूपासून आलं, त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. कोविडमध्ये हीच गोळी घरोघरी खाल्ली गेली, गोव्यात तर मे २०२१ मध्ये सरकारनं १८ वर्षांवरच्या सगळ्यांना द्यायचं जाहीर केलं होतं, आणि पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर उपयोग नाही असं निघालं. त्यामुळे तिचं नाव जरा बदनाम झालं. खरजेवर मात्र ती कामाची आहे, फिजीमध्ये एका भागातल्या सगळ्या लोकांना एकदम दिली तेव्हा खरजेचं प्रमाण वर्षभरात ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आलं.

जे लावायचं नाही ते म्हणजे मेडिकलमधली तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब. तिच्यात स्टिरॉइड असतं, खाज थांबते, पुरळ पुसट होतं, माइट मजेत वाढतात, आणि महिन्यानं डॉक्टरांना दाखवलं तर खरूज खरजेसारखी दिसतच नाही.

दोनदा लावलं तरी खाज आहेच!

असणार. माइट मेले तरी त्यांचा कचरा त्वचेत आहे, ॲलर्जी उतरायला दोन ते चार आठवडे लागतात. या काळात घाबरून लोक दर तीन दिवसांनी क्रीम लावतात, त्यानं कातडी कोरडी पडून वेगळीच खाज सुटते. खोबरेल तेल लावा, खाजेची गोळी विचारून घ्या. चार आठवड्यांनंतरही नवीन पुरळ उठत असेल तर घरात कुणीतरी राहून गेलंय नाहीतर औषध लागू पडलं नाही, परमेथ्रिनला दाद न देणारे माइट आता भारतातूनही कळवले जातायत, म्हणून परत दाखवायचं.

कबुतरं आणि कुत्री

२०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो गदारोळ झाला तो फुप्फुसाच्या आजारांवरून होता, पण कबुतरांच्या घरट्यातही माइट असतात. एसीच्या मागे घरटं असतं, पिल्लं उडून गेली की उपाशी माइट खिडकीतून आत येतात आणि माणसाला चावतात. माणसावर ते राहू शकत नाहीत, त्यामुळे अंगाला काही लावून उपयोग नाही, घरटं काढा, जागा साफ करा, जाळी बसवा. कुत्र्याचा डेमोडेक्स कुत्र्याचाच, तो आपल्याला लागत नाही. कुत्र्याच्या खरजेनं आपल्याला थोडे दिवस खाज येते पण ती आपल्यावर टिकत नाही, कुत्र्याला व्हेटकडे न्या.

तपासणीत काहीच नाही, पण अंगावर चालतात असं वाटतं

हा भाग नाजूक आहे. खरूज बरी झाल्यावर, किंवा असे व्हिडिओ बघून बघून, काहींना सतत अंगावर काहीतरी चालल्यासारखं वाटतं. ते कातडीचे तुकडे, धागे डबीत भरून डॉक्टरांकडे नेतात, चार डॉक्टर बदलतात, अंगाला फिनेल लावण्यापर्यंत मजल जाते. कार्ल-ॲक्सेल एक्बोम या स्वीडिश डॉक्टरानं १९३८ मध्ये याचं वर्णन केलं होतं. संवेदना खरी असते, ती व्यक्ती नाटक करत नसते, म्हणून घरच्यांनी हसू नये आणि होय होय मलापण दिसतोय असंही म्हणू नये. बी१२ कमी असणं, थायरॉइड, मधुमेहातल्या नसा, काही औषधं यांमुळेही असं वाटतं, ते आधी तपासतात. त्यात काही निघालं नाही तर मानसोपचाराच्या औषधांनी फरक पडतो.

कधी वाट बघायची नाही

डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतंय, तर वाइप्स बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. खरूज खाजवून पू झालाय, ताप आहे, तर तेही लवकर, कारण त्या जखमांतून शिरणारे जंतू किडनीला त्रास देऊ शकतात. खरूज पिकलेल्या मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी चहासारखी लाल झाली तर स्किनवाल्याची अपॉइंटमेंट बघत बसू नका, सरळ मुलांच्या डॉक्टरांकडे न्या आणि आधी खरूज होती हे त्यांना आठवणीनं सांगा, नाहीतर त्यांना तो धागा सापडायला उशीर होतो.